पार्श्वभूमी : केबल जोडलेली, तरी फोन 'ऑफलाइन'

एडीबी (अँड्रॉइड डीबग ब्रिज) म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं डेव्हलपरचं साधन. कमांड लाइनवर 'एडीबी डिव्हाइसेस' टाकलं की फोनचा सिरियल नंबर उमटतो आणि त्यापुढे एक शब्द. 'डिव्हाइस' असेल तर ठीक. 'ऑफलाइन' दिसलं की बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग यूएसबी पोर्ट, मग फोन रीस्टार्ट. ही सवय कशी लागली ते कळायला 2013 पर्यंत मागे जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. 2008 साली पहिला अँड्रॉइड फोन आला. एडीबीची रचना तीन तुकड्यांची : आपण कमांड देतो तो क्लायंट, कॉम्प्युटरवर 5037 पोर्ट (यूएसबीचा नव्हे, प्रोग्रामांच्या आपसातल्या जोडणीचा क्रमांक) धरून बसलेला सर्व्हर आणि फोनमधला डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम. ओळख पटवण्याची भानगड नव्हती. यूएसबी डीबगिंग (केबलवरून एडीबीला आत येऊ देणारी सेटिंग) चालू ठेवलेला फोन ज्या कॉम्प्युटरला लावाल त्याला दार उघडं. नोव्हेंबर 2012 मध्ये अँड्रॉइडच्या 4.2 आवृत्तीत ही सेटिंग ज्यात असते ते डेव्हलपर ऑप्शन्स लपवले गेले (बिल्ड नंबरवर सात टिचक्या तेव्हापासूनच्या), पण खरं कुलूप बसलं ते फेब्रुवारी 2013 च्या 4.2.2 मध्ये.

आता कॉम्प्युटरकडे आरएसए किल्ल्यांची (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्ल्या, एक खासगी, एक उघड) जोडी असणं सक्तीचं झालं. फोन आव्हान देतो, कॉम्प्युटर खासगी किल्लीने सही करतो. किल्ली अनोळखी निघाली तर फोनच्या पडद्यावर किल्लीच्या फिंगरप्रिंटसह (बोटाचा ठसा नव्हे, किल्ली ओळखायची आकडे-अक्षरांची माळ) चौकट येते आणि परवानगी मागते. चौकटीला उत्तर मिळेपर्यंत यादीत 'अनऑथराइज्ड' दिसतं.

निदान दिसायला हवं होतं. घोळ असा की हा शब्द फक्त नव्या एडीबीला, म्हणजे 1.0.31 आणि पुढच्यांना, माहीत होता. जुन्या एडीबीला फोनचं आव्हान कळतच नसे. हँडशेक (जोडणीआधीची ओळखीची बोलणी) अर्धवट राही आणि ती आपला जुना शब्द छापून मोकळी होई : ऑफलाइन. फोनवर चौकटही येत नसे. म्हणजे फोन अपडेट झाला आणि कॉम्प्युटरवरची टूल्स जुनीच राहिली, की परवानगीचा प्रश्न केबलचा प्रश्न बनून समोर यायचा. 'ऑफलाइन'चा अर्थ 'वायर सुटली' असा कधीच नव्हता. वायर सुटली तर तो फोन यादीतून गायबच होतो. सर्व्हरला फोन दिसतोय, पण बोलणी पूर्ण झालेली नाहीत, एवढंच तो शब्द सांगतो.

निर्णय बरोबर होता, हे आज कोणी नाकारणार नाही. फटका बसला तो पडदा फुटलेल्या फोनवाल्यांना. चौकटीवर बोट ठेवायला पडदाच नाही, त्यामुळे आतला डेटा केबलने काढायची वाट बंद. त्यांची ही तक्रार अजून मिटलेली नाही.

पुढे भांडण 5037 वर सरकलं. आयडीई (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन), फोन कंपनीचं सिंकिंग सॉफ्टवेअर, प्रत्येकाने आपली वेगळी एडीबी सोबत आणली. आवृत्ती जुळली नाही की क्लायंट चालू सर्व्हरला मारून आपला उभा करतो. दुसरा क्लायंट येऊन तोच खेळ उलट खेळतो. दर मिनिटाला डीबगर (चुका शोधायचं साधन) फोनपासून तुटायचा तो यामुळे. जुना संदेश तर 'सर्व्हर कालबाह्य आहे' असंच छापायचा, मग सर्व्हर क्लायंटपेक्षा नवा का असेना. दोन्ही आवृत्त्यांचे आकडे दाखवायची सुबुद्धी नंतर झाली.

वायरलेसची कथाही फार वेगळी नाही. आधी केबल लावून 5555 पोर्ट उघडायचा, मग ती काढायची. ज्या उपकरणांवर हा पोर्ट इंटरनेटकडे उघडाच राहिला, त्यांच्यावर 2018 मध्ये क्रिप्टो मायनिंगचा किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला. 2020 च्या अँड्रॉइड 11 मध्ये सहा आकडी पेअरिंग कोड आला, पण पेअरिंगचा पोर्ट वेगळा आणि जोडणीचा वेगळा. पहिला दुसऱ्याच्या जागी टाकला की 'कनेक्ट होऊ शकलं नाही'. त्याच आवृत्तीत परवानगीला मुदतही लागली : सात दिवस जोडणी झाली नाही की फोन तो कॉम्प्युटर विसरतो. दहा दिवसांच्या सुट्टीवरून परतलेला डेव्हलपर मग पुन्हा 'अनऑथराइज्ड' वाचतो आणि आधी केबलच तपासतो.