ऑटो, आठ अंश आणि ‘तांत्रिक बिघाड’

खान्देशातल्या शेतीत संगणक कधी आला, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण ठिबकच्या कंट्रोलरपासून किंवा मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीपासून द्यायला लागतात. हे उत्तर थोडे उशिराचे आहे. विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत स्टार्टरशेजारी टांगलेली ‘ऑटो’ नावाची छोटी पेटी त्याच्या बरीच आधी आली. लाईट आली (आपल्याकडे लाईट म्हणजे दिवा नव्हे, थ्री-फेज) की कोणी न जाता मोटर चालू व्हावी, एवढेच तिचे काम. तिला पडदा नव्हता, तिच्यात लिहिलेला प्रोग्राम नव्हता, पण एक अट होती. आणि अट पाळणे हेच संगणकाचे मूळ काम आहे. कृषिपंपांना दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास, तीही पाळीपाळीने, अशी वीज मिळू लागल्यावर रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन केळीच्या बागेत शिरण्यापेक्षा ही अट पेटीवर सोपवणे सगळ्यांनाच परवडले.

याच पेटीमुळे होणारा घोटाळा समजून घेतला तर पुढचे बरेच काही सोपे होते. थेट चालू होणारी इंडक्शन मोटर सुरुवातीच्या काही क्षणांत पूर्ण भाराच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. माणसे हाताने मोटरी चालू करत तेव्हा कोणी लगेच जाई, कोणी चहा घेऊन जाई, आणि डीपीवर (म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) हा भार आपोआप विखुरला जाई. ऑटो चहा घेत नाहीत. लाईट येताच एका डीपीवरच्या सगळ्या पेट्यांची अट एकाच वेळी पुरी होते, सगळ्या मोटरी एकदम उठतात, विजेचा दाब कोसळतो आणि आधीच ओव्हरलोड असलेली डीपी जळते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: तांत्रिक बिघाड. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते, कारण प्रत्येक ऑटोने सांगितलेले काम चोख केलेले असते. ऑटो काढून टाका आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन वीज कंपनी वर्षानुवर्षे करत आली आहे. ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. पण रात्रीची पाळी तशीच ठेवून ऑटो काढायला सांगणे म्हणजे उपाय अर्धाच सांगणे होय. प्रत्येक पेटीला वेगवेगळा विलंब लावला असता तरी पुष्कळ काम झाले असते.

सारख्या यंत्रांना एकच अट घातली की ती एकत्रच चुकतात, हा धडा अवकाश क्षेत्रात फार महाग पडला. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून एरियन ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. दिशा आणि वेग सांगणारा संगणक त्यावर एकाला दोन बसवलेला होता, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल. पण दोन्हींत एकच प्रोग्राम होता, आणि त्यातला एक भाग आधीच्या एरियन ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटांच्या जागेतून १६ बिटांच्या जागेत भरला जात असे. त्या छोट्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियन ४ च्या मार्गावर ती संख्या तेवढी वाढतच नसे. एरियन ५ जास्त वेगाने आडवे जाणारे होते, त्यामुळे ती वाढली. दुय्यम संगणक बंद पडला आणि क्षणार्धात त्याच कारणाने मुख्यही. बंद पडताना त्यांनी पाठवलेला दोषसंदेश रॉकेटने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि त्याप्रमाणे इंजिने वळवली. यातला सर्वांत बोचणारा तपशील असा की, प्रोग्रामच्या त्या भागाची रॉकेट जमिनीवरून सुटल्यानंतर काही गरजच नव्हती.

अशा घटनेला मराठीत काय म्हणावे, हा या टिपणाचा खरा गुंता आहे. चालणारी वस्तू थांबली तर बिघाड. घडवतानाच उणीव राहिली तर दोष. आणि यंत्राने नीट काम केले, पण त्याला सांगितलेलेच चुकीचे होते, तर त्याला रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. महसूल खात्याच्या मराठीत मात्र तो सापडतो: लेखनप्रमाद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अधिकार अभिलेखातल्या लेखनाच्या चुका दुरुस्त करता येतात. सातबारा हस्तलिखितातून संगणकात गेला तेव्हा या कलमाला भलतेच काम लागले. केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मधली. पण आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, आणि त्याआधी चावडी वाचन करून, म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवून, हस्तलिखित व संगणकीकृत उतारे ताडून पाहावे लागले. क्षेत्राचा आकडा बदललेला, खातेदाराचे नाव गळालेले, इतर हक्कांत भलतीच नोंद, अशा चुका निघाल्या. उतारा घ्यायला गेलेल्या माणसाला ‘कॉम्प्युटरची चूक’ असे सांगितले जाई. कायदा मात्र तिला माणसाने लिहिण्यात केलेली चूक मानतो, आणि त्यामुळेच ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर तरी येते. शब्दाने एवढा फरक पडतो.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या दशकात शेतकऱ्यांच्या घरी आलेले संगणक मुख्यतः जमाखर्च आणि गाईंच्या नोंदी ठेवत. महाराष्ट्रात १९९८ मध्ये वारणा परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. त्याचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या नोंदी आणि वजनापुरता राहिला आणि पुढे तेच काम मोबाइलच्या एसएमएसने स्वस्तात केले. खान्देशात सहकारी उसापेक्षा केळी आणि कापूस मोठे, त्यामुळे ऑटोनंतरचा, प्रोग्रामवर चालणारा संगणक इथे शिरला तो वजनकाट्याच्या नव्हे, ठिबकच्या आणि विम्याच्या वाटेने. ठिबकच्या कंट्रोलरबद्दल फारशी तक्रार नाही; व्हॉल्व्ह अडकला तर दिसतो, खत जास्त गेले तर पान सांगते.

विम्याचे तसे नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात हिवाळ्यात पारा उतरला की केळीला चरका बसतो: पाने पिवळी पडून करपतात, वाढ खुंटते, निसवण म्हणजे घड बाहेर पडणे अडकते. इतर पिकांच्या विम्यात पीक कापणी प्रयोगावरून नुकसान ठरते, पण केळीची कापणी एका हंगामात उरकत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली), कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली) आणि पीलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांवर धरलेली) एकाच शिवारात वेगवेगळ्या वयाची उभी असतात. म्हणून पिकाऐवजी हवामान मोजायचे, हा मार्ग निघाला. २००७ च्या खरिपात कर्नाटकात अशा विम्याचा पथदर्शी प्रयोग झाला, पुढे तो महाराष्ट्रातल्या फळपिकांपर्यंत आला आणि २०१६ मध्ये योजनेची फेररचना झाली. २०१७ पासून राज्यात खासगी भागीदारीतून महसूल मंडळनिहाय २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. ती दर दहा मिनिटांनी तापमान, पाऊस, आर्द्रता आणि वारा नोंदवतात.

केळीसाठीचा निकष गावोगाव तोंडपाठ आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमान सलग ३ दिवस ८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी राहिले पाहिजे. या वाक्यातले ‘सलग’, ‘८’ आणि न लिहिलेला ‘कुठे’, असे तीन शब्द वादाचे आहेत. समजा, पहिल्या रात्री ७.६, दुसऱ्या रात्री ८.२ आणि तिसऱ्या रात्री ७.४ अंश नोंद झाली. झाडाच्या दृष्टीने या तीन गारठ्याच्या रात्री आहेत. निकषाच्या दृष्टीने मोजणी दुसऱ्या रात्री शून्यावर आली. दोन दशांशांचा हा फरक कितपत खरा आहे, हेही पाहायला हवे, कारण संवेदक थोडा धुळकट झाला किंवा केंद्राशेजारी पत्र्याची शेड उभी राहिली तर तेवढा फरक सहज पडू शकतो. आठचा आकडा घेतला तर, केळीच्या फळाला साधारण १३ अंशांच्या खालीच थंडी बाधू लागते, ही फळसाठवणुकीतली जुनी माहिती आहे. विम्याच्या आकड्यात हप्त्याचे गणितही असते, हे मान्य; पण मग हा आकडा केळीचा नव्हे, हप्त्याचा आहे, असे सरळ सांगितले पाहिजे. नुकत्याच निसवलेल्या बागेला आणि गुडघ्याएवढ्या रोपांना एकच मर्यादा लावणे, हा तिसऱ्याच प्रकारचा प्रमाद आहे.

‘कुठे’ हा शब्द सर्वांत अवघड. एका मंडळात अनेक गावे आणि एक केंद्र. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती उतरून सखल भागात साचते. तापीच्या, सुकीच्या किंवा अनेरच्या काठची बाग आणि मोकळ्या उंचवट्यावरचे केंद्र यांच्या पहाटेच्या तापमानात काही अंशांचा फरक पडणे हे केंद्राच्या बिघाडाचे लक्षण नाही, ते भौतिकशास्त्र आहे. केंद्राने त्याच्या जागचे तापमान बरोबर सांगितले, आणि ते बरोबर सांगितले म्हणूनच बागवानाला काही मिळाले नाही, असे घडू शकते. एखाद्या दिवशीची नोंदच आली नाही तर शेजारच्या केंद्राची नोंद धरतात, तेव्हा हा प्रश्न आणखी लांब जातो. यंत्रावर रोष धरणाऱ्यांना आणि यंत्राचा बचाव करणाऱ्यांना दोघांनाही इथे एकच गोष्ट दिसत नाही: भांडण तापमापीशी नाही, तापमापीला विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

एककांची गोष्ट इथेच नोंदवतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये, विमा हेक्टरी, आणि बोलणे एकरात, २.४७ ने गुणायचे की भागायचे, यावर पारावर वाद होतात. मंगळाकडे निघालेले अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी नेमक्या अशाच गोंधळात गेले. एका बाजूच्या प्रोग्रामने रेटा पाउंड-सेकंदांत दिला, दुसऱ्या बाजूने तो न्यूटन-सेकंद समजून वाचला. दोहोंतला फरक ४.४५ पटींचा. सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे यान ५७ किलोमीटरच्या आसपास शिरले.

विजेच्या गाड्यांनी या शब्दांच्या गुंत्यात नवी भर घातली. एका अमेरिकी कंपनीच्या मोटारींत मधला पडदा चालवणाऱ्या संगणकाला ८ जीबीची फ्लॅश स्मृती होती. अशा स्मृतीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, आणि गाडी सतत स्वतःच्या नोंदी लिहीत राहायची. पाच-सहा वर्षांत ती झिजली की पडदा बंद. त्याबरोबर मागचा कॅमेरा, काच साफ ठेवण्याची हवा आणि इंडिकेटरचा आवाजही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. पण कंपनीने हा दोष असल्याचे मानले नाही. असा भाग गाडीच्या संपूर्ण आयुष्याला पुरेल, अशी अपेक्षाच अवाजवी असल्याचे तिचे म्हणणे होते. टायर झिजतो, त्याला कोणी दोष म्हणत नाही, हे खरे. पण टायर झिजलेला दिसतो. न दिसणाऱ्या भागाची झीज आणि दोष यांच्यातली रेघ कोणी ओढायची, हा प्रश्न दहा मिनिटांनी एक नोंद लिहिणाऱ्या शेतातल्या यंत्रांनाही उद्या लागू होणार आहे.

आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर विजेच्या स्कूटरना आगी लागल्या. पुण्यात मार्चमध्ये रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरचे चित्रण सर्वदूर पोहोचले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेल, त्यांची बांधणी आणि त्यांवर लक्ष ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग या तिन्हींची तपासणी त्यात आली. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी किती तापते, याचा विचार थंड देशांतून आलेल्या आराखड्यांत मुळात किती होता, ही शंका रास्त आहे. एरियन ४ चा आकडा एरियन ५ ला लावला, तशातलाच हा प्रकार.

चुकीचे नाव नीट ठेवले तर दुरुस्ती कशी होते, याचे उदाहरण मात्र घरचेच आहे. चांद्रयान-२ चे लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी उतरताना गमावले. जुलै २०२३ मध्ये इस्रो या अवकाश संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी त्याची कारणे मांडली: इंजिनांचा रेटा अपेक्षेपेक्षा जास्त होता, चुका साठत गेल्या, वळण्याच्या वेगाला प्रोग्रामची मर्यादा होती, आणि उतरण्याची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर ठरवलेली होती. त्या कारणमीमांसेत ‘तांत्रिक बिघाड’ या शब्दामागे काही लपवले गेले नाही. चांद्रयान-३ साठी जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय बळकट केले, इंधन वाढवले, आणि काय चुकेल याची यादी धरून आराखडा केला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते उतरले. उतरण्याचे यंत्र सुधारले, हे तर खरेच. पण त्याला घातलेली अटही रुंद केली गेली.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने हवामान केंद्रांचे जाळे दाट करण्याची योजना जाहीर केली. तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक, असा तिचा मूळ आराखडा आहे. त्याने ‘कुठे’ या शब्दाचे उत्तर थोडे जवळ येईल. पण गावात बसणारे यंत्र पर्जन्यमापक असेल तर ते पाऊस मोजेल, थंडी नाही; आणि ‘सलग’ व ‘८’ हे दोन शब्द यंत्रे वाढवून बदलत नाहीत, ते विम्याच्या अटी ठरवणाऱ्या कागदावर बदलावे लागतात.