मोगा
मोगा : दोन महायुद्धांमधल्या काळात जपानच्या शहरांत दिसू लागलेल्या आधुनिक तरुणीसाठी रूढ झालेला शब्द. ‘मॉडर्न गर्ल’च्या जपानी उच्चाराचे, म्हणजे ‘मोदान गारू’चे, हे लघुरूप. तिच्या जोडीचा तरुण तो ‘मोबो’, म्हणजे ‘मॉडर्न बॉय’.

हा शब्द प्रथम कोणी वापरला याविषयी मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक किताझावा शूइची यांच्या १९२३-२४ च्या सुमाराच्या लेखांकडे बोट दाखवतात, तर काही जण नीइ इतारू यांच्या साधारण १९२५ च्या लेखनाला श्रेय देतात. कालक्रम पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. किताझावांची मोगा मताधिकाराच्या चळवळीतली नव्हती, पण पुरुषाची दासी होऊन राहायलाही ती तयार नव्हती. १९११ मध्ये निघालेल्या ‘सेइतो’ या स्त्रियांच्या मासिकाभोवतीच्या, हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘नव्या स्त्री’हून ती म्हणूनच वेगळी धरावी लागते. पुढे मासिकांनी आखूड केस आणि उघड्या पोटऱ्या एवढेच तिचे वर्णन उरवले.

प्रत्यक्षात अशा मुली थोड्याच होत्या. १९२५ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला लोकजीवनाचे अभ्यासक कोन वाजिरो यांनी टोकियोच्या गिंझा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे मोजले. पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य पोशाखात होते. स्त्रियांपैकी ९९ टक्के किमोनोत होत्या.

खरा बदल शोधायचा तर तो नोकरदार स्त्रियांत शोधावा. त्यांना ‘शोकुग्यो फुजिन’ म्हणत. टेलिफोन, टंकलेखन, दुकाने यांत त्या होत्याच. टोकियोच्या बसमध्ये १९२० पासून मुली तिकिटे देऊ लागल्या आणि कॉलरच्या रंगावरून लोक त्यांना ओळखू लागले. त्यांच्याहून कितीतरी अधिक मुली सूतगिरण्यांत राबत. त्यांची रात्रपाळी १९२९ मध्ये बंद झाली. मोगाच्या चित्रात या मुलींना जागा मिळाली नाही, ही त्या चित्राची मोठी उणीव होय.

स्त्रीहक्क चळवळीतल्या हिरात्सुका राइचो व इचिकावा फुसाए यांच्या प्रयत्नांमुळे १९२२ मध्ये स्त्रियांना राजकीय सभांना जाण्याची मुभा मिळाली. १९२५ चा सार्वत्रिक मताधिकार मात्र पुरुषांपुरताच राहिला. स्त्रियांना स्थानिक निवडणुकांत मताधिकार देणारे विधेयक १९३१ मध्ये कनिष्ठ सभागृहात संमत झाले, पण सरदारांच्या सभागृहाने ते फेटाळले.

पुढे मोगाहून अगदी वेगळे स्त्रीचे चित्र समोर आले. १९३२ मध्ये ओसाकात राष्ट्रसंरक्षण महिला संघटना निघाली. बंदरावर सैनिकांना चहा देणाऱ्या तिच्या सदस्या किमोनोवर बाह्यांचा पांढरा स्वयंपाकी अंगरखा घालत.