दिवाळी अंक (मुंबई)

दिवाळी अंक म्हणजे दिवाळीच्या निमित्ताने वर्षातून एकदा निघणारा जाडजूड मराठी विशेषांक. कथा, कविता, ललित लेख, मुलाखती, व्यंगचित्रे आणि शेवटी वार्षिक राशिभविष्य हा त्यातला नेहमीचा ऐवज. काही अंक एरवी चालणाऱ्या मासिकांचे आणि दैनिकांचे असतात. पुष्कळसे मात्र असे, की वर्षभर त्यांचे नावही कानावर येत नाही आणि नवरात्र संपते न संपते तोच ते स्टॉलवर हजर होतात. प्रथा अख्ख्या महाराष्ट्राची आहे आणि तिच्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. तिचा जन्म मात्र मुंबईतला, म्हणून इथे मुंबईपुरतेच पाहिले आहे.

सुरुवात

मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून १९०९ साली निघालेल्या ‘मासिक मनोरंजन’च्या अंकाचे नाव घेतले जाते. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र (१८७१–१९२०) हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याचा नाद इतका, की त्यांनी आडनावही बंगाली घेतले. १८९५ साली त्यांनी मुंबईत मनोरंजन सुरू केले आणि इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक पाहून, आपल्याकडे असे दिवाळीला का नसावे, या विचाराने हा अंक काढला. कल्पना उसनी होती हे खरे. पण फराळाचे ताट बाजूला सरकवून अंक उघडायचा, आणि घरात तो आधी कोणाच्या हाती पडतो यावरून भांडायचे, ही सवय इथलीच.

गिरगाव

पुढची निदान पन्नास वर्षे दिवाळी अंकांचे मुंबईतले माहेर म्हणजे गिरगाव. कारण साधे होते. छापखाने, चित्रकार, प्रकाशक आणि लेखक असे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवून छपाई होत असे, तेव्हा प्रुफे घेऊन पोऱ्या दिवसातून चार खेपा सहज घालू शके. १९२२ साली सुरू झालेल्या ‘मौज’ साप्ताहिकाचा संसार खटाववाडीत थाटला गेला. मौज आणि ‘सत्यकथा’ मासिक यांच्या संपादनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांची हस्तलिखिते पुन्हापुन्हा परत पाठवून त्यांच्याकडून लिहून घेण्याचा जो शिरस्ता पाडला, त्याच्या धाकातून मराठी नवकथा, म्हणजे जुने साचे मोडणारी लघुकथा, घडली असे म्हटले तर फार चुकणार नाही. १९८२ साली सत्यकथा बंद पडली. मौजेचा दिवाळी अंक मात्र पुढेही निघत राहिला.

दुसरे घराणे चित्रांचे. चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. त्याआधी मुखपृष्ठ म्हणजे अंकाचे वेष्टन होते. दलालांनी ते अंक विकत घेण्याचे कारण करून टाकले. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे कापून चौकटीत बसवलेली घरे आजही सापडतात. आतले साहित्य कोणाचे होते, हे त्या घरातल्यांना विचारू नये.

तिसऱ्या घराण्याविषयी मोठी माणसे जरा हळू आवाजात बोलत. मधुकर पाटकर यांचा ‘आवाज’ हा विनोदी अंक त्याच्या ‘खिडकी’ चित्रांसाठी प्रसिद्ध झाला. युक्ती अशी: पानाला चौकोनी किंवा वेडावाकडा छेद दिलेला असतो आणि त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा एवढाच तुकडा दिसतो. पुढच्या चित्रात तो बसवला की बाईच्या अंगावर वस्त्र नाही, असा समज होतो. पान उलटावे तर तो उघडा खांदा कुस्तीगीराचा निघतो, किंवा न्हाऊ घातलेल्या बाळाचा. चंद्रशेखर पत्की, ज्ञानेश सोनार अशा व्यंगचित्रकारांनी ही खिडकी वर्षानुवर्षे सजवली. चावटपणा चित्रात नसून बघणाऱ्याच्या डोक्यात आहे, हे इतक्या सोप्या यंत्राने दाखवणारे दुसरे काही मराठीत नाही. वाचनालयातल्या प्रतीत ही खिडकीची पाने सर्वांत आधी फाटतात.

याखेरीज रहस्यकथा आणि विज्ञानकथांसाठी ‘धनंजय’, शिवाय ज्योतिष, पाककृती, आरोग्य, भटकंती, सिनेमा अशा एकेका विषयाला वाहिलेले अंक आहेत. त्यांची यादी देण्यात अर्थ नाही. दरवर्षी दोन वाढतात, तीन गळतात.

अंक उभा कसा राहतो

कामाला आषाढात सुरुवात होते. लेखकांना पत्रे जातात (आता फोन आणि व्हॉट्सॲप), गणपतीपर्यंत मजकूर हातात यावा अशी अपेक्षा असते आणि तो पितृपक्षात येतो. खरी धावपळ जाहिरातींची. छपाई आणि कागदाचा खर्च विक्रीतून निघत नाही. तो निघतो सहकारी बँका, बिल्डर, सराफ, मसालेवाले आणि सरकारी महामंडळे यांच्या पानांतून. कथा ऐन रंगात आली असताना मध्येच अर्धे पान ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ लागते, ते यामुळे. काही अंक तर जाहिरातींसाठीच निघतात आणि कथा त्यात पुरवणीसारख्या येतात. त्यांना नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण त्याच जाहिरातींवर नव्या लेखकांच्या पहिल्या कथा छापून आल्या, हेही विसरू नये.

लायब्ररी

मुंबईत दिवाळी अंक विकत घेण्यापेक्षा लायब्ररीतून आणून वाचण्याचा रिवाज मोठा आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), दादर सार्वजनिक वाचनालय यांसारख्या संस्था आणि गल्लीबोळांतल्या, एका गाळ्यात चालणाऱ्या खासगी लायब्रऱ्या दिवाळीआधी वेगळी योजना जाहीर करतात. ठरावीक वर्गणी भरायची आणि पुढचे दोन-चार महिने एकेक किंवा दोन-दोन अंक बदलून न्यायचे. दोन खोल्यांच्या घरात पन्नास अंक विकत घेऊन ठेवायचे कुठे, या प्रश्नाला शहराने शोधलेले हे उत्तर.

लायब्ररीवाला अंक आला की आधी पिना काढून दोऱ्याने शिवतो, खाकी कव्हर चढवतो आणि पाठीवर स्केचपेनने नाव लिहितो. त्यामुळे ज्या मुखपृष्ठासाठी चित्रकाराला पैसे मोजले, ते वाचकाला दिसतच नाही. पहिल्या आठवड्यात मौज आणि आवाजसाठी नंबर लागतात. ‘आला की बाजूला ठेवा हं’ असे सांगून जाणाऱ्या काकू आणि तो अंक आधीच आपल्या वहिनींना देऊन मोकळा झालेला लायब्ररीवाला, हा प्रसंग दरवर्षीचा. शब्दकोडे पेनाने सोडवून ठेवणारा एक सभासद प्रत्येक लायब्ररीत असतो. तो कधी सापडत नाही.

विकत घेणाऱ्यांची वाट दादर पश्चिमेला जाते. स्टेशनातून बाहेर पडून छबिलदास शाळेच्या गल्लीकडे वळले की कंदील, रांगोळीचे रंग आणि उटण्याच्या पुड्यांमध्ये अंकांचे स्टॉल लागतात. दोरीला चिमट्यांनी अडकवलेले अंक ‘आयडियल’ या पुस्तकांच्या दुकानाच्या परिसरात आधीपासूनच झुलत असतात. मराठी वृत्तपत्र लेखक संघ दिवाळी अंकांची स्पर्धा घेतो, आणि ‘पुरस्कारप्राप्त’ असा शिक्का पुढल्या वर्षीच्या मुखपृष्ठावर दिमाखात मिरवतो.

पडद्यावर

ऑफसेट छपाईने आणि संगणकावरच्या अक्षरजुळणीने (डीटीपी) गिरगावची मक्तेदारी मोडली; आता अंक डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये जुळतो आणि भलत्याच गावी छापून येतो. गेल्या काही वर्षांत फक्त इंटरनेटवर निघणारे अंक, ई-आवृत्त्या आणि ऐकायचे अंकही आले आहेत. परदेशी गेलेल्या मुलांची त्यामुळे सोय झाली. पीडीएफला खिडकी मात्र पाडता येत नाही.

होळीच्या सुमाराला लायब्रऱ्या योजना गुंडाळतात आणि वापरलेले अंक निम्म्या किमतीला, कधी त्याहून स्वस्तात दारातल्या बाकड्यावर मांडतात. तोपर्यंत राशिभविष्यातले बरेच महिने होऊन गेलेले असतात. तरी घेणारा आधी तेच पान उघडतो.