पूररेषा आणि घराचा पूरविमा

नदीच्या ठरावीक आकारमानाच्या पुराचे पाणी दोन्ही तीरांवर जेथवर चढेल, तेथील बिंदू जोडून नकाशावर काढलेल्या रेषेस पूररेषा म्हणतात. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि घरमालकांचा पुष्कळसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. जलसंपदा विभागाच्या लेखी पूररेषा हा गणिताचा निष्कर्ष असतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील गावकऱ्याच्या बोलण्यात मात्र ती पाणी प्रत्यक्ष जेथवर आले त्याची खूण असते : भिंतीवर उरलेला गाळाचा तपकिरी पट्टा, किंवा त्या उंचीवर रंगाने ओढलेली रेघ आणि शेजारी लिहिलेले साल. प्रस्तुत नोंदीत पहिला अर्थ मुख्य धरला आहे. घराच्या विम्याचा विचार करताना मात्र दुसराच अधिक उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात हा विषय सर्वाधिक निकडीचा आहे तो कृष्णा–पंचगंगा खोऱ्यात. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या येथील नद्या थोड्या अंतरात सपाटीवर उतरतात. नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते, दूधगंगाही पुढे तालुक्याच्या परिसरातच मिळते, आणि या टप्प्यात नदीचा उतार अगदी कमी असल्यामुळे पाणी पुढे सरकण्याऐवजी फुगते व पंचगंगेचा प्रवाह मागे रेटला जातो. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात कृष्णेचे पाणी उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक ‘दक्षिणद्वार’ स्नानासाठी गर्दी करतात. काठच्या गावांत त्याच पाण्याच्या चढावर लक्ष ठेवून सामान माळ्यावर चढवायचे की जनावरांसह गाव सोडायचे, याचा विचार चालू असतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट, तर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ती अनुक्रमे ३९ व ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ मध्ये ५५, तर २०२१ मध्ये ५६ फुटांची पातळी ओलांडली गेली.

पूरमैदानाचे पट्टे पाडून तेथील बांधकामावर बंधने घालण्याची कल्पना भारतात केव्हा रुजली याविषयी एकवाक्यता नाही. केंद्रीय स्तरावर १९७५ मध्ये राज्यांना पाठविलेला आदर्श विधेयकाचा मसुदा हा सामान्यतः आरंभबिंदू मानतात. मात्र त्यावरून कायदा करणारी राज्ये मोजकीच निघाली (मणिपूर, राजस्थान इत्यादी). महाराष्ट्राने कायद्याऐवजी परिपत्रकाचा मार्ग धरला. पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकानुसार सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, अथवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो अधिक असेल त्याच्या पातळीस निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीस लाल रेषा म्हणतात. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित होय. धरणांच्या खालच्या नद्यांसाठी सांडव्यातून सुटणारा विसर्गही हिशेबात धरावा लागतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज पसरविला आहे. त्याचा अर्थ एकदा महापूर येऊन गेल्यावर शतकभर निश्चिंती, असा नाही. त्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच तो आहे. निळ्या रेषेसाठी हे प्रमाण ४ टक्के येते. वर्षे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेवरील घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आणि निळ्या रेषेवरील घरात सुमारे ५६ टक्के ठरते. ही गणिते गंबेल किंवा लॉग-पिअर्सन या संभाव्यता वितरणांवर बेततात, आणि त्यांना पुरवलेल्या नोंदी बहुधा काही दशकांच्याच असल्यामुळे शतकी पुराचा आकडा हा मोजलेला नसून पुढे ताणलेला असतो. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर १६ वर्षांत आल्यानंतर जुन्या नोंदींवरील रेषा मुळातच खाली काढल्या गेल्या होत्या, असे एक मत पुढे आले. तीन मोठे पूर जवळजवळ येणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, असे दुसरे. पर्जन्याची बदलती तीव्रता आणि पूरमैदानातील भराव पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने, म्हणजे मागे चढणाऱ्या पाण्याने, येथील पूर वाढतो का, हा वाद याहून जुना व कडवा आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्यास मुख्य कारण मानले नाही. सांगली-कोल्हापुरातील अनेक अभ्यासक व कार्यकर्ते या निष्कर्षाशी सहमत नाहीत आणि धरणाची साठवण पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास त्यांचा विरोध आहे. घरमालकाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की पाणी कोणामुळे फुगले हा वाद विमापत्रात येत नाही. घर पुराने जलमय झाले की नाही, एवढेच तेथे पाहिले जाते.

२०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे निळ्या व लाल रेषेमधील बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर घेतल्यास परवानगी मिळू शकते. जुन्या गावठाणांतील घरे या नियमांच्या कितीतरी आधीची आहेत. प्रयाग चिखलीसारख्या गावास १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे पर्यायी जागा मिळाली, तरी शेती व गोठा नदीकाठी असल्याने जुनी घरे सुटली नाहीत. अशा घरमालकाने निकटच्या पुलावरील किंवा बंधाऱ्यावरील पाणी किती फुटांवर गेले असता आपल्या उंबऱ्याला लागते, हा आकडा लिहून ठेवावा. नकाशावरील कोणत्याही रंगापेक्षा तो अधिक बोलका असतो.

अमेरिकेत १९६८ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत शतकी पुराच्या क्षेत्रातील घरावर केंद्र सरकारच्या नियमनाखालील बँकांचे कर्ज घेताना पूरविमा सक्तीचा असतो (१९७३ च्या कायद्याने), आणि नवे विमापत्र सामान्यतः ३० दिवसांनी लागू होते. भारतात पूररेषा व विमा यांची अशी सांगड नाही. येथे पुराचे संरक्षण घराच्या आगविम्यातच अंतर्भूत असते. पूर्वीच्या विमापत्रांत वादळ-पुराचे कलम वगळून हप्ता कमी करून घेता येई, आणि नदीकाठच्या घरासाठी ती काटकसर घातक ठरे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात पूर व जलमयता मुळातच समाविष्ट आहेत. विम्याची रक्कम जागेच्या बाजारभावावर न ठरता पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते : ६०० चौरस फुटांचे घर, दर फुटास १,५०० रुपये बांधकाम खर्च धरल्यास ९ लाख रुपये. त्याच्या २० टक्के (कमाल १० लाख) इतके संरक्षण घरातील सामानास तपशील न देताही मिळते, म्हणजे येथे १ लाख ८० हजार. दागिन्यांचा विमा वेगळा मागावा लागतो. भिंती मातीच्या, छप्पर कौलांचे किंवा पत्र्याचे असेल तर तसे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. पीक विम्यात घराचा समावेश नसतो. शेतकरी कुटुंबांत हा गैरसमज वारंवार आढळतो.

पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती अनेकदा काही दिवसांनी, ऊन पडल्यावर ढासळतात. त्यामुळे घर उभे दिसत असले तरी विमा कंपनीस लगेच कळवावे, आणि भिंतीवरील गाळाचा पट्टा मोजपट्टी लावून, भिजलेल्या धान्याच्या पोत्यांसह, धुण्यापूर्वीच छायाचित्रात घ्यावा. सर्वेक्षक येईपर्यंत हाच पुरावा उरतो. तलाठी व ग्रामसेवकाचा पंचनामा हा शासकीय मदतीसाठीचा वेगळा दस्तऐवज आहे. पूर्ण पडलेल्या घरास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ च्या निकषांनुसार सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर गावठाणात असून मालमत्ता पत्रक नसेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घर कोणाच्या नावे आहे हे दाखविण्यासाठी दोन्हीकडे उपयोगी पडतो. तो पाण्यात भिजू नये म्हणून त्याची प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवण्याची पद्धत इष्ट होय.