इबिझा (बेट)

इबिझा हे स्पेनच्या बॅलिएरिक बेटांपैकी एक. क्षेत्रफळ साधारण ५७० चौ. किमी, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याहून जरा कमीच, आणि वस्ती दीड लाखाच्या वर. नाव काढलं की लोकांना क्लब आणि डीजेच आठवतात, पण फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापारी लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकात वसवलेलं हे ठिकाण आहे आणि मिठागरं तेव्हापासूनची, पार्टीच्या कितीतरी आधी बेट मिठावर आणि शेतीवर जगलंय.

जुनी घरं बघण्यासारखी आहेत. जाड, चुन्यानं रंगवलेल्या भिंती, सपाट छप्पर, त्यात जुनिपरचे वासे, वर समुद्रातलं वाळवलेलं पोसिडोनिया गवत, मग राख आणि माती, आणि छपरावर पडलेलं पावसाचं पाणी खाली टाकीत साठवायचं, कारण बेटावर पाण्याची कायमच टंचाई. वाटणीत आतली सुपीक जमीन थोरल्या मुलाला जायची आणि किनाऱ्याची खडकाळ, निकामी जमीन धाकट्यांच्या वाट्याला, असं तिथे सांगतात. पर्यटन आलं आणि हा हिशोबच उलटा झाला.

साठच्या दशकात स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही असतानाही हिप्पी इथे येऊन राहिले. त्यातले बरेच जण उन्हाळा इबिझात आणि हिवाळा गोव्यात काढायचे, त्यामुळे हणजूणचा बुधवारचा बाजार माहीत असलेल्याला इबिझातले हिप्पी बाजार अजिबात परके वाटणार नाहीत. १९७३ साली पाचा क्लब सुरू झाला, मग अ‍ॅम्नेशिया. तिथे आल्फ्रेडो हा अर्जेंटिनाचा डीजे रॉक, पॉप, हाऊस (इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) असं सगळं एकत्र वाजवायचा, १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या काही तरुण डीजेंनी ते ऐकलं आणि ब्रिटनमध्ये अ‍ॅसिड हाऊस या हाऊसच्याच एका प्रकाराची लाट आली. पुढे व्हीआयपी टेबलं आणि महागडी तिकिटं आली. माझ्या मते बेटाचा मोकळेपणा तिथेच आटायला लागला, कारण आधी खिशात पैसे नसलेला माणूसही त्या नाचात सामील होऊ शकायचा.

गावांत मात्र सणाला बाल पाजेस हा जुना नाच अजून होतो, पुरुष मोठ्या करताली वाजवत उंच उड्या मारतात आणि बाई छोटी पावलं टाकत गोल फिरते, आणि आता मुलंही तो शिकतायत ही फार चांगली गोष्ट आहे.

आजचा खरा प्रश्न घरांचा आहे. भाडी इतकी चढलीयेत की हॉटेलात राबणारे लोक व्हॅनमध्ये किंवा तंबूत राहतात, शिक्षक आणि नर्स बदली घेऊन निघून जातात. सरकारनं २०२० मध्ये सान्त अंतोनीसारख्या पार्टीच्या भागात पब क्रॉल (घोळक्यानं एका बारमधून दुसऱ्यात पीत फिरणं) आणि हॅपी अवरवर बंदी घातली, समुद्रातल्या पोसिडोनियावर बोटींना नांगर टाकायला मनाई आहे, २०२५ पासून उन्हाळ्यात बाहेरून येणाऱ्या गाड्यांवरही मर्यादा आलीये. हे सगळं गरजेचंच होतं, पण बेटावर जन्मलेल्या तरुणाला परवडेल असं भाड्याचं घर यातल्या एकाही नियमानं मिळत नाही.