शस्त्रकायदे आणि हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण : देशवार तुलना (खानदेश संदर्भ)

नागरिकांनी बंदूक बाळगण्याविषयीचे निरनिराळ्या देशांचे कायदे आणि तिथले खून, दरोडे, गंभीर मारहाण यांचे प्रमाण शेजारी ठेवून दोहोंत काही संबंध लागतो का, हे पाहण्याची पद्धत. प्रमाण सहसा दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किती, असे सांगतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून या तुलनेकडे पाहिले, तर तिची ताकद आणि तिच्यातली भोके दोन्ही जवळून दिसतात.

भारतात बंदूक हा हक्क नव्हे. ती परवान्यावर मिळते. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ साली आलेल्या कायद्याने भारतीय माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. सध्याचा कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरवले आणि बेकायदा शस्त्र बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ही बंदूक ज्याने भरताना पाहिली त्याला तिची मर्यादा सांगावी लागत नाही. नळीत दारू ओतायची, त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, आणि गजाने सगळे ठासायचे. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर रानडुकरे शेजारच्या वावरात, मक्यात शिरलेली असतात.

खानदेशात पोलिसांची खरी डोकेदुखी निराळी आहे, ती म्हणजे गावठी कट्टा. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून, मध्य प्रदेशच्या बडवाणी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. हद्दीच्या अलीकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले लोक त्याला ‘पार उमर्टी’ म्हणतात. हातभट्टीवर घडवलेल्या पिस्तुलांसाठी ते पोलिसांच्या नोंदींत कायमचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईसाठी गेलेल्या महाराष्ट्र पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेण्यात आले. नंतर त्याची सुटका झाली. ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत’ हे वाक्य इथल्या वर्तमानपत्रांत पावसाच्या आकड्यांइतके नेहमीचे झाले आहे. या व्यवसायाशी शिकलगार समाजाचे नाव सरसकट जोडले जाते, ते अन्यायाचे आहे. पिढीजात लोहारकाम आणि हत्यारांना धार लावणे हा त्यांचा धंदा, आणि त्यातले कितीतरी जण आजही विळे-सुऱ्यांवरच पोट भरतात.

सीमेपलीकडून येणारे हत्यार ही देशवार तुलनेतलीही मोठी अडचण आहे. मेक्सिकोत बंदुकीचा कायदा कडक आहे, कायदेशीर विक्रीची दुकाने देशभरात दोनच आणि तीही लष्कराची. तरी २०१८ नंतरची काही वर्षे तिथे लाखामागे पंचवीसहून अधिक खून होत होते. तिथल्या गुन्हेगारांच्या बंदुका मोठ्या प्रमाणात उत्तरेकडून, अमेरिकेतून येतात. ‘कडक कायदा असूनही खून होतातच’ असा निष्कर्ष मेक्सिकोवरून काढणारा माणूस शेजाऱ्याचा कायदा मोजायचा विसरतो.

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याला संरक्षण दिले. २०१७ च्या एका जागतिक अंदाजानुसार तिथे शंभर माणसांमागे १२० नागरी बंदुका होत्या, भारतात पाच. २०२१ साली अमेरिकेत खुनाचे प्रमाण लाखामागे सहाच्या वर गेले. जपानमध्ये ते पाव टक्क्याइतकेसुद्धा नाही असे लिहिलेले अनेकदा वाचायला मिळते, पण इथे टक्के लावणे चूक आहे. जपानचा आकडा लाखामागे साधारण पाव, म्हणजे चार लाखांमागे एक खून. स्वित्झर्लंडमध्ये शंभरामागे सुमारे अठ्ठावीस बंदुका असून खून लाखामागे अर्ध्याच्या आसपास. मात्र तिथल्या लष्करी रायफलींची घरात ठेवलेली काडतुसे २००७ नंतर परत घेतली गेली, हे त्या उदाहरणाबरोबर क्वचितच सांगितले जाते.

तुलना खुनांचीच करावी. ‘हिंसक गुन्हा’ या शब्दात प्रत्येक देश वेगळे काही घालतो. अमेरिकेत खून, बलात्कार, लूट आणि गंभीर हल्ला एवढेच धरतात, तर इंग्लंडमध्ये इजा न झालेली मारहाणही आकड्यात येते. त्यामुळे इंग्लंड अधिक हिंसक असल्याचा चुकीचा समज पसरतो. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाखामागे २.१. भांडणात उचललेली कुऱ्हाड, कोयता आणि परवान्याची बंदूक हे सगळे त्या एका आकड्यात बसते.

ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो आत्महत्यांचा. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. खानदेशातल्या कापूस-केळीच्या गावाला हे समजावून द्यावे लागू नये. कोनाड्यात ठेवलेली कीटकनाशकाची बाटली त्या एका वाईट तासाला हाताशी असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. बंदुकीचे गणितही असेच चालते, आणि म्हणून खुनांच्या तक्त्यावर थांबणारी तुलना अर्धीच ठरते.

ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थर इथे ३५ माणसे मारली गेली. त्यानंतर काही प्रकारच्या बंदुकांवर कायद्याने बंदी आली, आणि सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे मोजून लोकांकडून विकत घेतल्या आणि वितळवल्या. तिथे बंदुकीने होणारे मृत्यू आधीपासूनच उतरत होते, बंदीनंतर ते आणखी उतरले. त्यातले श्रेय कायद्याला किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. जपानमध्ये ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा जीव घरी जोडलेल्या बंदुकीने घेतला. तोही एका अर्थाने कट्टाच होता.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की जळगाव-धुळ्यातले बरेच परवानाधारक आपापली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात, पावती घेतात आणि निकालानंतर ती दाखवून परत नेतात. देशवार तक्त्यांतला ‘नोंदणीकृत शस्त्रे’ हा रकाना अशाच रजिस्टरांतून भरला जातो.