मार्टिन हे नाव आणि पोपच्या नंबरांचा घोळ

मार्टिन म्हणजे लॅटिन मार्टिनुस, मार्स या रोमन युद्धदेवाच्या नावावरून आलेलं, मार्च महिनापण त्याच्याच नावाचा. पण युरोपभर हे नाव पोचवलं ते देवाने नाही, फ्रान्समधल्या तूर शहराच्या चौथ्या शतकातल्या बिशपने, म्हणजे संत मार्टिनने. भिकाऱ्याला अर्धा झगा दिल्याची गोष्ट बहुतेकांना माहितीच असेल. ३९७ साली ११ नोव्हेंबरला त्याचं दफन झालं, तोच पुढे त्याचा सण झाला, आणि माझ्या मते हे नाव टिकलं त्यात या तारखेचा वाटा फार मोठा आहे.

खरा घोळ आहे पोपच्या यादीत. पहिला मार्टिन सातव्या शतकातला, ६४९ ला पोप झालेला, त्याबद्दल वाद नाही. नंतर ८८२ आणि ९४२ मध्ये जे दोन पोप झाले त्यांचं नाव होतं मारिनुस, म्हणजे वेगळंच नाव, पण मधल्या काळात याद्या करणाऱ्यांनी दोघांनाही मार्टिन समजून दुसरा आणि तिसरा नंबर देऊन टाकला. मग १२८१ मध्ये निवडून आलेल्या फ्रेंच पोपने मार्टिन नाव घेतलं (तो आधी तूरच्या त्याच संताच्या चर्चमध्ये खजिनदार होता) आणि तो थेट चौथा ठरला, खरं तर दुसराच! चूक कळल्यावरही नंबर बदलले नाहीत, त्यामुळे आजच्या यादीत पहिल्यानंतर एकदम चौथा येतो. काहींना हे खटकतं, पण मला वाटतं तसंच ठेवलं ते बरोबर केलं, शेकडो वर्षांच्या लिखाणात तेच नंबर आहेत, ते बदलले तर गोंधळ अजून वाढेल. पाचवा १४१७ मध्ये निवडला गेला, नेमका ११ नोव्हेंबरलाच, म्हणून त्याने हे नाव घेतलं.

जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाचंही तेच, १४८३ मध्ये १० नोव्हेंबरला जन्म, दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा, म्हणून मार्टिन. पोपशी भांडणाऱ्याला कॅथलिक संताचं नाव, आणि प्रोटेस्टंट घरांत हे नाव गेलं ते मुख्यतः याच्यामुळे.

आपल्याकडे १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या पोर्तुगीज गव्हर्नरचं नाव मार्टिम (मार्टिनचंच पोर्तुगीज रूप) होतं, आणि गोव्यातलं मार्टिन्स आडनाव म्हणजे मुळात मार्टिमचा मुलगा.

अमेरिकेतले नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग तर १९२९ मध्ये जन्मले ते मायकल म्हणून. १९३४ मध्ये वडील जर्मनीला जाऊन आले आणि त्यांनी स्वतःचं आणि पोराचं दोघांचं नाव त्या सुधारकावरून ठेवलं, जन्मदाखल्यावर मात्र हा बदल १९५७ मध्ये झाला.